बांबू उडीचे गणित मांडणारे मास्तर

शाळेच्या क्रीडा स्पर्धेत बांबू उडी पाहिली की आपण सहज म्हणतो, "पोराच्या हातात भारी ताकद आहे!" पण माणूस एका काठीच्या आधाराने पाच मीटर वर जातो, तो खरेच हाताच्या ताकदीवर जातो का? हा प्रश्न ज्यांनी मोजमाप करून सोडवला, त्यांत अमेरिकेतील प्रा. पीटर मॅक्गिनिस यांचे नाव घ्यावे लागेल.

मॅक्गिनिस मूळचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. 1976 साली त्यांनी स्वार्थमोर कॉलेजातून पदवी घेतली. ज्या शास्त्राने पुलावरचा भार मोजतात, त्याच शास्त्राने धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या शरीराचाही हिशेब मांडता येतो. या विद्येला जैवयांत्रिकी म्हणतात. तीच वाट धरून 1984 साली त्यांनी इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. 1990 पासून ते न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या कॉर्टलंड येथील कॉलेजात शिकवू लागले. वर्गात प्राध्यापक आणि मैदानावर बांबू उडीचे प्रशिक्षक, अशी दोन्ही कामे त्यांनी केली.

या कॉलेजात खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. मुले-मुली शिकायला येतात आणि आवडीने खेळतात. इकडे हेच मास्तर देशाच्या ॲथलेटिक्स संघटनेसाठी नामवंत खेळाडूंच्या उड्यांचे चित्रीकरण करून धावेचा वेग आणि काठीवरील पकडीची उंची मोजत. म्हणजे मोठ्या खेळाडूंच्या अभ्यासातून हाती आलेले ज्ञान सरकारी कॉलेजातील साध्या विद्यार्थ्यापर्यंत पोचत होते.

ताकद नव्हे, वेग

मग गणित काय सांगते? उडीची शक्ती येते धावण्यातून. काठी वाकते, शक्ती साठवते आणि सरळ होताना परत देते. स्वतः मात्र ती काही निर्माण करीत नाही. सेकंदाला 8 मीटर वेगाने धावणाऱ्याची सारी गती उंचीत बदलली, तर त्याचे शरीर सुमारे सव्वातीन मीटर वर उचलले जाईल. वेग 9 मीटर केला, तर चार मीटरांहून थोडे जास्त. एका मीटरच्या वेगाने जवळजवळ 87 सेंटिमीटरचा फरक पडतो! उभ्या माणसाच्या शरीराचा मध्य आधीच जमिनीपासून मीटरभर वर असतो, त्याची भर वेगळी. म्हणून नुसते दंड फुगवून भागत नाही, आधी नीट धावायला शिकावे लागते.

काठी बदलली तसा खेळही बदलला. 1940 साली कॉर्नेलियस वॉर्मरडॅम यांनी खऱ्या बांबूवर 15 फुटांची उडी पहिल्यांदा पार केली. 1960 च्या सुमारास फायबरग्लासच्या लवचिक काठ्या आल्या आणि उंची झपाट्याने वाढली. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची बांबू उडी प्रथमच आली. स्त्रियांच्या धावेचा वेग आणि उडीची उंची यांचे नातेही मॅक्गिनिस यांनी अभ्यासले.

पोर सुखरूप घरी यावे

उंची वाढली तसा धोकाही वाढला. धाव कमी पडली किंवा काठी नको तितकी वर पकडली, तर खेळाडू गादीपर्यंत पोचत नाही. तो मागे, काठी रोवण्याच्या कठीण खोबणीतच पडतो. 2002 साली अमेरिकेत बांबू उडीत तीन तरुण खेळाडूंचा मृत्यू झाला. त्या घरांवर काय प्रसंग आला असेल! त्यानंतर नियम कडक झाले. पुढच्याच वर्षी शाळा-कॉलेजांतील गाद्या मोठ्या करण्यात आल्या. 16 फूट रुंदीच्या जागी 19 फूट 8 इंच रुंदी आली. 2014 पासून तिथल्या हायस्कुलांत खोबणीभोवती मऊ आवरण सक्तीचे झाले. साधनांची मानके ठरविणाऱ्या समितीत मॅक्गिनिस यांनीही काम केले. उंची कशी वाढवावी हे शिकवणाऱ्याने पडणे कसे सुसह्य होईल याचाही विचार केला, हे विशेष.

आपले मूल या खेळाकडे वळले, तर पालकांनी निदान तीन गोष्टी मास्तरांना विचाराव्यात. गादी पुरेशी मोठी आणि जाड आहे का? काठी मुलाच्या वजनाला पेलणारी आहे का? शिकवणारा जाणकार आहे का? पदक मागाहून येईल. आधी ही उत्तरे मिळाली पाहिजेत.