तापलेल्या इंजिनाचा चढा आयडल

पेट्रोल गाडीचे इंजिन तापल्यावर न्यूट्रलमध्ये साधारण 650 ते 850 आरपीएमवर फिरते. थंड इंजिन सुरू करताना आरपीएमचा काटा 1200च्या पुढे जाणे हा बिघाड नव्हे. एसी लावल्यावरही तो थोडा चढतो. तापलेले इंजिनही 1200च्या आसपासच अडून राहिले, तर बहुधा कुठून तरी जादा हवा आत शिरत असते. आधी अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली आहे का, ते पाहावे. त्याला खर्च नाही. मग व्हॅक्यूमचे रबरी पाइप. तडा गेलेल्या जागी बारीक फुसफुस ऐकू येते, तो पाइप चिमटीत दाबताच आरपीएम उतरतात. थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी किंवा अडकलेला आयडल व्हॉल्व्ह हे पुढचे संशयित. स्टॉप स्क्रू पिळून काटा खाली आणणे म्हणजे नुसती मलमपट्टी. कूलंटचा तापमान सेन्सर बिघडल्यास ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजिनाला थंडच समजू शकतो आणि आयडल चढाच ठेवतो. स्कॅनरवरचा तापमानाचा आकडा ते लगेच उघड करतो.