काळोख्या गुन्हेपटांत फक्त गोरेच होते का?

१९४० आणि ५०च्या दशकांतले अमेरिकी गुन्हेपट, म्हणजेच ‘फिल्म न्वार’, म्हटलं की हॅट घातलेला गोरा डिटेक्टिव्ह आणि दगाबाज सुंदरी आठवते. हे चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे.

गैरसमज : कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन कलाकार फक्त नोकर किंवा गुंड असत.
वस्तुस्थिती : बहुतेकदा तसंच होतं, पण अपवाद ठसठशीत आहेत. ‘नो वे आउट’मध्ये (१९५०) सिडनी पॉटिए डॉक्टर आहे आणि त्याच्या जिवावर उठलेला गुन्हेगार गोरा. ‘द क्रिमझन किमोनो’मध्ये (१९५९) जेम्स शिगेटा लॉस एंजेलिसचा जपानी-अमेरिकी डिटेक्टिव्ह आहे आणि गोरी नायिका अखेर त्याच्याच प्रेमात पडते.

गैरसमज : काही विषय लेखकांना सुचलेच नाहीत.
वस्तुस्थिती : सुचले, पण पडद्यावर येऊ दिले नाहीत. १९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे लागू झाली. समलैंगिकता आणि गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायला तिची मनाई होती. ‘क्रॉसफायर’ (१९४७) ज्या कादंबरीवर आधारला आहे, तिच्यात खून समलैंगिक माणसाचा होतो; चित्रपटात तो ज्यू माणसाचा झाला.

गैरसमज : काळ पुढे गेला तसं चित्रण आपोआप सुधारलं.
वस्तुस्थिती : ‘बॉर्डर इन्सिडेंट’मध्ये (१९४९) मेक्सिकन तपास अधिकारी मेक्सिकोतच जन्मलेल्या रिकार्डो मोंताल्बानने साकारला. नऊ वर्षांनंतर ‘टच ऑफ ईव्हिल’मध्ये तशाच भूमिकेसाठी चार्लटन हेस्टनचा चेहरा रंगवून सावळा केला गेला.

गैरसमज : बायकांचं काम पडद्यावर भुरळ घालण्यापुरतंच होतं.
वस्तुस्थिती : ‘द हिच-हायकर’ (१९५३) आयडा लुपिनोने दिग्दर्शित केला. ‘फँटम लेडी’ची (१९४४) सूत्रं निर्मितीत जोन हॅरिसनकडे होती. ‘द बिग स्लीप’च्या (१९४६) पटकथाकारांत ली ब्रॅकेट होती.

अपवादांवरून त्या व्यवस्थेला उदार ठरवणं चूक. पण ते विसरणं हा त्या कलावंतांवर अन्याय आहे. जागा कुणी दिली नाही, तेव्हा कृष्णवर्णीय अभिनेता हॅरी बेलाफॉन्टेने स्वतःची कंपनी काढून ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ (१९५९) उभा केला. त्यात दरोड्याचा बेत फसतो, त्यामागे साथीदारातला वर्णद्वेष असतो. या काळाची ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात याच चित्रपटापासून करा.