स्टेशनजवळचं हॉटेल सोयीचंच असतं का?

रेल्वेने पहिल्यांदाच दोन-तीन शहरं फिरायला निघालेली कुटुंबं तिकिटांसाठी 60 दिवस आधीपासून डोळ्यांत तेल घालून बसतात. हॉटेल मात्र ‘स्टेशनजवळ’ एवढ्या एकाच निकषावर ठरवून मोकळी होतात. दिल्ली-आग्रा-जयपूर या लोकप्रिय सहलीपुरतं पाहिलं, तरी हा निकष किती अपुरा आहे ते कळतं. कोणती गाडी, कोणत्या स्टेशनवर, किती वाजता आणि सामान घेऊन किती चढउतार, या चार प्रश्नांच्या उत्तरांतून सोय ठरते. नुसत्या किलोमीटरांवरून ती कळत नाही.

गैरसमज : दिल्लीत स्टेशनजवळ राहिलं की काम झालं.

वस्तुस्थिती : दिल्लीत लांब पल्ल्याच्या गाड्यांची मोठी स्टेशनं अनेक आहेत. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी नवी दिल्लीला जाते, तर ऑगस्ट क्रांती राजधानी हजरत निजामुद्दीनला. वास्कोहून निघणारी गोवा एक्स्प्रेसही निजामुद्दीनलाच संपते. या दोन स्टेशनांत सात-आठ किलोमीटरचं अंतर आहे. पुढे आग्र्याला जाताना हाच पेच पुन्हा पडतो : भोपाळकडे जाणारी शताब्दी नवी दिल्लीहून सकाळी सहाला सुटते, तर गतिमान निजामुद्दीनहून आठच्या सुमारास. सहाच्या गाडीसाठी मेट्रोच्या भरवशावर राहता येत नाही, कारण तिची सेवाच साधारण त्या सुमारास सुरू होते. शिवाय एकाच स्टेशनच्याही दोन बाजू असतात. नवी दिल्लीत पहाडगंजच्या बाजूला 1 नंबरचा प्लॅटफॉर्म आहे, तर मेट्रो पलीकडे, अजमेरी गेटच्या बाजूला. नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारं पहाडगंजमधलं हॉटेल गाठताना मेट्रोने आलेल्या माणसाला बॅगा घेऊन अख्खं स्टेशन ओलांडावं लागतं. म्हणून दिल्लीत दोन-तीन दिवस राहायचं असेल, तर मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याजोगं हॉटेल बहुधा जास्त उपयोगी पडतं. फक्त पहाटेच्या गाडीच्या आदल्या रात्री स्टेशनलगत राहणं शहाणपणाचं.

गैरसमज : दिल्लीत जे जमलं, तेच पुढच्या शहरांत.

वस्तुस्थिती : आग्र्यात बहुतेक जण ताजमहालासाठीच उतरतात आणि तो सूर्योदयाच्या सुमारास उघडतो. आग्रा कँट स्टेशन तिथून सहाएक किलोमीटर दूर. ताजच्या 500 मीटर परिसरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी असल्याने शेवटचा टप्पा पायी किंवा बॅटरीच्या गाडीने गाठावा लागतो. पहाटेच ताज पाहायचा, तर ताजगंज किंवा पूर्व दरवाजाच्या बाजूचा मुक्काम कँटजवळच्या हॉटेलपेक्षा सरस ठरतो. ताज शुक्रवारी बंद असतो, तेव्हा मुक्कामाची रात्र ठरवण्याआधी वार पाहावा. जयपूरच्या काही गाड्या आग्रा फोर्ट स्टेशनवरून सुटतात, हेही ध्यानात असावं. जयपुरात मात्र स्टेशनजवळ राहणं खरोखर फायद्याचं ठरतं, कारण मेट्रोची गुलाबी मार्गिका रेल्वे स्टेशन आणि सिंधी कॅम्पवरून थेट बडी चौपडला, म्हणजे हवामहलच्या दाराशी पोहोचते. स्टेशनजवळच्या बनी पार्कमध्ये राहून जुनं शहर सहज पाहून होतं.

गैरसमज : रिक्षा-टॅक्सी कुठेही मिळते, मग स्वस्त हॉटेल दूर असलं तरी बिघडत नाही.

वस्तुस्थिती : हा आक्षेप अगदीच बिनबुडाचा नाही. सामान थोडं, माणसं धडधाकट आणि गाडी दुपारची असेल, तर दूरचं हॉटेल चालतं. पण चार माणसं आणि सहा बॅगा घेऊन रोज दोनदा रिक्षा करायची, तर भाड्यातली बचत प्रवासातच खर्ची पडते, आणि पहाटे पाचला आजी-आजोबांना घेऊन वाहनाची वाट पाहण्याची धास्ती वेगळीच. सकाळी उतरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बाराच्या पुढेच मिळते. तोवर सामान ठेवून घेतील का? नाहीतर स्टेशनची क्लोकरूम शोधावी लागते.

तेव्हा क्रम उलटा करावा. आधी गाड्या पक्क्या कराव्यात, प्रत्येक तिकिटावरचं चढण्या-उतरण्याच्या स्टेशनचं पूर्ण नाव आणि वेळ कागदावर मांडावी, त्यापुढे त्या शहरात काय पाहायचं ते लिहावं, आणि मगच हॉटेल शोधावं. पहिल्या सहलीत थकवा येतो तो बहुतेकदा गाडीबाहेरच्या या छोट्या टप्प्यांनी, आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात असतं.