गिरवण्याचे दिवस

बँकेत असताना दुपारच्या सुट्टीत मी आवडत्या लेखकांचे उतारे वहीत उतरवून काढत असे. कुणी पाहिले की लाज वाटे, नक्कलच ती! व्हिन्सेंट व्हॅन गॉगने ही लाज धरली नाही. १८८० साली, वयाच्या २७व्या वर्षी, बेल्जियमच्या कोळसाखाणींच्या मुलखात त्याने चित्रकार व्हायचे ठरवले. शेजारी शिकवणारे कोणी नव्हते. बार्गच्या धड्यांतली चित्रे तो पुनःपुन्हा गिरवी, मिलेचा पेरणी करणारा शेतकरी छापील चित्रावरून उतरवी. (आपण मुलांना मात्र ‘बघून काढू नकोस’ म्हणून दटावतो.) १८८८ मध्ये आर्लला तोच शेतकरी पुन्हा अवतरला. आता त्याच्या डोक्यामागे भलाथोरला पिवळा सूर्य होता. मिलेच्या चित्रात तो नव्हता.