पायधुणीचे पाणी

मुंबईत पायधुणी नावाचा भाग आहे. बेटे जोडली जाण्यापूर्वी इथवर समुद्राचे पाणी येई आणि ते ओलांडून आलेले लोक पाय धुऊन पुढे जात, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. तिथून हाकेच्या अंतरावर मिनारा मशीद. रमजानच्या रात्री मालपुवा आणि नल्ली निहारीसाठी सगळ्या जातिधर्मांची मुंबई तिथे लोटते. वर्तमानपत्रांत फोटो येतात तेही त्याच गल्लीचे. त्या फोटोंत इमारतींचे वरचे मजले मात्र दिसत नाहीत. तिथे राहणाऱ्या बाईला रमजानमध्ये घोर असतो तो नळाचा.

मुंबईला रोज सुमारे 390 कोटी लिटर पाणी मिळते, पण ते बहुतेक भागांत ठरावीक वेळेलाच येते. पालिकेचा चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा त्या गल्लीचा दिवस सुरू होतो. रमजानमध्ये घराचे घड्याळ बदलते. पहाटेच्या आधी सहेरी, सूर्यास्ताला इफ्तार, रात्री उशिरापर्यंत तरावीहची नमाज. चावीवाल्याचे घड्याळ आहे तेच राहते. मग ड्रम, कळशा, बादल्या, रिकामे तेलाचे डबे, जे असेल ते भरून ठेवायचे. दाब कमी असला तर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. खाली कुणी थेट लाइनवर पंप लावला तर दुसऱ्यावरही नाही. मग जिन्यात भांडण. रोजा असताना भांडू नये हे सगळ्यांना माहीत असते. पंप लावू नये हेही.

डोंगरी, भेंडीबाजार, मांडवी परिसरातल्या कितीतरी चाळी जुन्या, उपकरप्राप्त. पाइप गंजला तर भाडेकरू मालकाकडे बोट दाखवतो, मालक म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे, आणि रस्त्याखालची लाइन पालिकेची. 1916 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. नोंदवलेल्या तक्रारीचा पाठपुरावा करायला मात्र लोक नगरसेवकाच्या दारात जात. चांगला असो वा वाईट, तो सापडे. निदान त्याच्या नावाने बोटे मोडता येत.

7 मार्च 2022 रोजी पालिकेची मुदत संपली आणि तो दरवाजाच बंद झाला. निवडणूक झाली थेट 15 जानेवारी 2026 रोजी. मधल्या काळात प्रशासकाचा कारभार होता, आणि त्यात चार रमजान येऊन गेले. रस्ते झाले, कचरा उचलला गेला, कारभार थांबला असे कुणी म्हणणार नाही. पण पाण्याची वेळ तासभर मागेपुढे करा, ही मागणी प्रभाग समितीत उभे राहून मांडायला कुणी निवडून दिलेला माणूस नव्हता. एवढी साधी मागणी घेऊन रोजा धरलेला माणूस वॉर्ड ऑफिसात कितीदा खेटे घालणार? यंदा 227 नगरसेवक पुन्हा सभागृहात आहेत.

या वस्तीला सभागृह नवे नाही. 1896 साली मुंबईतला प्लेग प्रथम ओळखला तो इथल्याच मांडवीत, मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. पुढे ते पालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्याही आधी, 1888 साली, रहिमतुल्ला सयानी त्या खुर्चीवर होते. प्लेगनंतर सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्तीतून रुंद रस्ते निघाले. आज ज्या रस्त्यांवर मालपुव्याची गर्दी होते, त्यांच्या रुंदीमागे तो प्लेग आहे.

पाण्याचा हिशेब मशिदीतही आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुनी जामा मशीद तर तलावावरच उभी आहे. नळ येण्याआधी तीच तिची सोय होती. नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुवायचे त्याला वुजू म्हणतात. पैगंबर साहेब त्यासाठी एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, पाणी वापरत. वाहत्या नदीकाठी बसला असलात तरी वुजूत पाणी वाया घालवू नका, अशी त्यांची ताकीद हदीसमध्ये आहे. नळ सोडून वुजू केले की किती पाऊण लिटर जातात, ते कुठल्याही मशिदीत नळांच्या रांगेशी दोन मिनिटे उभे राहिल्यास कळेल.

आणि हे पाणी येते कुठून? मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचा. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, बायका हंडे घेऊन पायपीट करतात. मुंबईच्या चावीवाल्यावर चिडणाऱ्यांना ही गोष्ट सहसा आठवत नाही.

चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2016 मध्ये तो जूनमध्ये होता, धरणे तळाला गेलेली असताना. 2030 मध्ये तो वर्षातून दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरात. तेव्हा धरणांत पाणी असेल, दिवसही लहान असेल. पाइप बदलले जातात की नाही, ते आता निवडून आलेल्यांच्या हातात आहे. त्यांची मुदतही साधारण त्याच सुमारास संपत येईल.