सनद आणि सीमा

वारंगा फाट्यावरून एक रस्ता नांदेडला, दुसरा हिंगोलीला, तर तिसरा हदगाववरून पैनगंगेपलीकडे उमरखेडला जातो. १९४८ पर्यंत या नदीच्या अलीकडे निजामाची, उर्दूतून चालणारी न्यायालये होती. पलीकडे वऱ्हाडात ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदा चाले. बोली एक, सोयरीक एक. कोर्टे मात्र निराळी. पुढे १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टाने सबंध भारताकरिता वकिलांचा एकच वर्ग निर्माण केला.

देशाची सीमा ओलांडली की हाच प्रश्न पुनश्च उभा राहतो. वैद्यास मनुष्यदेह सर्वत्र सारखाच भेटतो. कायदा मात्र ज्या त्या भूमीत रुजलेला असतो. डॉ. आंबेडकर १९२२ साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ पासून मुंबईस वकिली करू लागले. कारण तेव्हा साम्राज्य एकच होते. आता तसे नाही. इंग्लंडात सॉलिसिटर होऊ पाहणाऱ्या भारतीय वकिलापुढे २०२१ साली सुरू झालेली द्विखंड परीक्षा असते. पहिल्या खंडात तेथील कायद्यावर ३६० प्रश्न. दुसऱ्यात पक्षकाराची मुलाखत, मसुदा व युक्तिवाद यांची कसोटी. अनुभवी वकिलास दुसऱ्या खंडातून सूट मिळू शकते.

पिकल्या केसांनी पुन्हा बाकावर बसणे जिवावर येते, हे खरे. परंतु ज्याचे घर, शेत आणि अब्रू वकिलाच्या शब्दावर टांगलेली असते, त्या पक्षकाराच्या दृष्टीने पाहता ही अट जाचक नव्हे, रास्तच ठरते.