हिशेबनिसाचा राग

'डोंबिवली फास्ट' प्रदर्शित झाला २००५ साली. मी तो पाहिला त्यानंतर दोनेक वर्षांनी, गोडदेव नाक्याजवळून भाड्याने आणलेल्या सीडीवर. तेव्हा मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात हिशेब लिहीत असे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागणाऱ्या थंडपेयवाल्याशी माधव आपटे हा बँकेतला कारकून हुज्जत घालतो आणि बॅट उचलतो, तेव्हा आईसकट आम्ही सगळ्यांनी घरात टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात मी 'कूलिंग'चे म्हणून दोन रुपये जास्त देऊन आलो होतो आणि चकार शब्द काढला नव्हता. मग ती टाळी कशासाठी होती? चित्रपटाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. वाचनालये, जुन्या बाजारातली मासिके आणि कात्रणांच्या वह्या एवढीच माझी शाळा. त्या वह्यांतून या प्रश्नाचा जो माग लागला, तो इथे मांडतो.

निशिकांत कामत यांचा हा पहिला चित्रपट. 'श्वास'मधल्या डॉक्टरच्या भूमिकेनंतर संदीप कुलकर्णी यांनी आपटे उभा केला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. कायदा हातात घेणाऱ्या माणसाची गोष्ट मराठीत इतक्या घरगुती रंगात क्वचितच आली होती. सकाळचा डबा, ठरलेली लोकल, शाळाप्रवेशासाठी मागितली जाणारी देणगी आणि रोज घरी ऐकून घ्यावी लागणारी बोलणी. हा माणूस सूड घेत नाही. त्याच्या घरात खून झालेला नाही की कुणाची अब्रू गेलेली नाही. रोजच्या बारीकसारीक नियमभंगांची थकबाकी तो एकदम वसूल करायला निघतो, इतकेच. हिशेबनीस म्हणून मला ते लगेच कळले.

२००७ च्या डिसेंबरात त्याची तमिळ पुनर्निर्मिती आली, 'एवनो ओरुवन'. दिग्दर्शक पुन्हा कामतच. मूळ दिग्दर्शकानेच आपली कथा परभाषेत नेण्याची संधी मराठीत फारशी कुणाला मिळालेली नाही. नायक आर. माधवन. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले, त्यामुळे मराठी त्यांना परकी नव्हती. इन्स्पेक्टरची भूमिका केली सीमान यांनी. पुढे ते तमिळनाडूत एका पक्षाचे पुढारी झाले आणि पडद्यावरच्या त्या इन्स्पेक्टरपेक्षा कितीतरी मोठ्या आवाजात बोलू लागले, पण तो विषय वेगळा.

या चित्रपटाचे समीक्षकांनी स्वागत केले. माधवन यांच्या अभिनयाचे विशेष कौतुक झाले, विषयाच्या प्रामाणिकपणाचेही झाले. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही. मराठीत याची चर्चा झाली ती 'आपल्या चित्रपटाची दक्षिणेने दखल घेतली' या अभिमानाच्या सुरात. तिथे कौतुक असूनही गर्दी का जमली नाही, याच्या मुळाशी कुणी फारसे गेले नाही. माझ्या मते उत्तर नावापासूनच सुरू होते. 'डोंबिवली फास्ट' हे एका गाडीचे नाव आहे. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला ते ऐकताच गर्दी, घाम आणि चौथ्या सीटवरची अर्धी बैठक आठवते. आम्ही पश्चिम रेल्वेवाले. विरार गाडीत भाईंदरच्या माणसाने चढणे म्हणजे काय, ते आमच्या खांद्यांना विचारा. तरीही त्या नावाचा अर्थ आम्हाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. 'एवनो ओरुवन' याचा अर्थ 'कुणी एक'. शिवाय माधवन यांच्याच 'अलैपायुदे' या गाजलेल्या प्रेमपटात याच शब्दांचे गाणे होते. म्हणजे मूळ नावात एक गाव आणि एक वेळापत्रक होते, नव्या नावात उरला एक अनाम माणूस आणि त्याच्या मागे उभा राहिला एका ताऱ्याचा प्रेमळ चेहरा. माधवन यांनी तो चेहरा पुसायचा प्रामाणिक प्रयत्न केला. पण २००० सालापासून ज्याला प्रेमिक म्हणून पाहिले, तो बँकेच्या काउंटरमागे बसला तरी प्रेक्षक नायकाचीच वाट बघत राहतो.

दुसरे कारण तमिळ पडद्यावर आधीच तयार होते. शंकर यांनी 'जंटलमन' (१९९३), 'इंडियन' (१९९६) आणि 'अन्नियन' अशा चित्रपटांतून कायदा हातात घेणारा भव्य नायक रुजवला होता. 'अन्नियन' तर 'डोंबिवली फास्ट'च्याच वर्षी आला. त्यातला नायकही नियम पाळणारा, नियमभंगाने संतापणारा. पण तो गरुडपुराणातल्या शिक्षा देतो, चमत्कार वाटावा असे लढतो. ज्या प्रेक्षकाने हे पाहिले, त्याला बॅट घेऊन धापा टाकत फिरणारा कारकून अर्धवट वाटला असेल, तर दोष त्याचा नाही.

आता बॅटीकडे येतो. ती मुळात क्रिकेटची नव्हे. १९९३ च्या 'फॉलिंग डाउन' या अमेरिकी चित्रपटात मायकल डग्लस यांचा नायक लॉस एंजेलिसमध्ये कोरियन दुकानदाराशी थंडपेयाच्या किमतीवरून भांडतो आणि त्याचीच बेसबॉलची बॅट घेऊन दुकान फोडतो. हे साम्य आपल्याकडे अनेकांनी दाखवले. काहींनी तेवढ्यावर 'डोंबिवली फास्ट'ला नक्कल ठरवून टाकले. मला तो निकाल आळशी वाटतो. तो अमेरिकी चित्रपट १९९२ च्या दंगलीनंतर वर्षभराच्या आत आला. त्या दंगलीत कोरियन दुकाने जळाली होती, म्हणून कोरियन-अमेरिकन संघटनांनी निषेध केला आणि गोऱ्या पुरुषाच्या असुरक्षिततेवर तिथल्या साप्ताहिकांनी मुखपृष्ठे काढली. तिथला प्रश्न वंशाचा होता. संरक्षण उद्योगातली नोकरी गेलेला तो माणूस आपले स्थान हरवल्यामुळे चिडलेला होता. आपटेची नोकरी शाबूत आहे आणि दुकानदारही त्याच्याच जातकुळीचा, त्याच्याच गल्लीतला. प्रसंग उसना असेल, राग उसना नाही.

आणि हा राग प्रत्येक नव्या आवृत्तीत वरच्या पायरीवर चढतो, असे मला दिसते. ब्रायन गारफील्ड यांच्या १९७२ च्या 'डेथ विश' कादंबरीतला नायक हिशेबनीस आहे, माझ्या धंद्यातला. १९७४ च्या चित्रपटात चार्ल्स ब्रॉन्सन येतात, तो वास्तुविशारद होतो. गारफील्ड यांना त्या चित्रपटातले सूडाचे कौतुक खटकले. त्यांनी 'डेथ सेंटेन्स' लिहिली ती त्याला उत्तर म्हणूनच. २०१८ च्या पुनर्निर्मितीत ब्रूस विलिस शल्यविशारद आहेत. ती मार्चच्या सुरुवातीला प्रदर्शित झाली, फ्लोरिडातल्या शाळेतील गोळीबाराला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. समीक्षकांनी तिला झोडपले, आणि त्यात त्या ताज्या रक्ताचाही वाटा होता. हिशेबनीस, वास्तुविशारद, शल्यविशारद. माणूस जितका समर्थ होत जातो, तितके त्याच्या बंदुकीला कारण कमी पडते. दुबळा माणूस पेटतो तेव्हा प्रेक्षकाला भीती वाटते, ती भीती स्वतःचीही असते. बलवान पेटला की फक्त करमणूक होते.

कामत यांच्या पुढच्या वाटचालीकडे मी याच नजरेने पाहतो. 'फोर्स', 'दृश्यम' या त्यांच्या हिंदी पुनर्निर्मिती दक्षिणेकडून आल्या. २०१६ चा 'रॉकी हँडसम' कोरियन 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'वरून घेतलेला. गोव्यात गहाणवटीचे दुकान चालवणारा अबोल माणूस, शेजारची चिमुरडी पळवली जाताच अंमली पदार्थांच्या टोळीवर तुटून पडतो. मूळ कोरियन चित्रपट २०१० साली त्या देशातला सर्वाधिक चाललेला देशी चित्रपट होता. हिंदीत जॉन अब्राहम यांच्या मारामारीचे कौतुक झाले. बाकी भावना कोरड्या, चेहरा निर्विकार आणि मूळचा जिव्हाळा हरवलेला, असा परीक्षणांचा सूर होता. मला तो बराचसा पटला, पण माझी तक्रार थोडी निराळी. त्या दुकानात गहाण कोण ठेवतो, कशापायी ठेवतो, हे गोव्यातल्या माणसाला ठाऊक आहे. चित्रपटाला ते विचारावेसे वाटले नाही. आपटेचा दिग्दर्शक एके काळी नेमके तेवढेच विचारत असे.

त्या चित्रपटात खलनायक केव्हिनची भूमिका कामत यांनी स्वतःच केली आहे, आणि ती चांगली केली आहे. १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले. त्या रात्री मी 'डोंबिवली फास्ट' पुन्हा लावला. आई आता नाही. थंडपेयाच्या दुकानाचा प्रसंग आला, दुकानदाराचे डोके फुटेल की काय अशी बॅट वर गेली आणि मुलाने विचारले, "बाबा, याला दोन रुपयांचं एवढं काय?" मी सीडी थांबवली आणि त्याला उत्तर द्यायला लागलो. अर्धा तास बोलत होतो. त्याचे समाधान झाले नाही.